फिल्टर पेपरवरचा गाळ

आमच्या काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या पुस्तकात जॉन स्मीटनला दीड ओळ आहे. सिमेंटच्या इतिहासात 1756 साल, त्यापुढे त्याचं नाव, आणि लगेच 1824 चा अ‍ॅस्पडिन. ही दीड ओळ मी दोन वेळा पाठ केली आणि दोन्ही वेळा पेपर झाल्यावर विसरलो. तो माणूस पुन्हा भेटला तो मामाच्या स्लॅबमुळे.

मामाने गावाकडे घर बांधलं. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. मामाचं ठाम मत होतं, ठेकेदाराने सिमेंट खाल्लं. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, तो त्याने रोखून धरला. भाचा इंजिनीयर होतोय म्हटल्यावर साहजिकच स्लॅबच्या कडेचा एक मुठीएवढा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हॉस्टेलवर आला. घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये सिमेंट किती, ते काढून दे, एवढाच निरोप.

ऐकायला सोपं आहे. काँक्रीटची पूड करायची, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची. सिमेंट विरघळतं, खडी-वाळू (निदान कागदावर तरी) विरघळत नाही. मग द्रावणातली सिलिका मोजा किंवा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड मोजा. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण 64 टक्के आणि सिलिका 20 ते 21 टक्के असते, त्यावरून उलटा हिशेब. मी सिलिका मोजली, 1.6 टक्के आली. म्हणजे वजनात सुमारे 8 टक्के सिमेंट, म्हणजे घनमीटरला जेमतेम 190 किलो. ठरलं होतं 1:2:4, ज्यात घनमीटरला साधारण सहा पोती, म्हणजे 300 किलो तरी असायला हवं. मी त्याच संध्याकाळी मेसच्या बाहेरून मामाला फोन लावला. मामाने दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला चार लोकांत बोलायचं ते बोलून घेतलं.

लॅबमधल्या काकांना मी आकडा दाखवला तेव्हा त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. फिल्टर पेपर कुठे आहे, असं विचारलं. तो मी केव्हाच डस्टबिनमध्ये टाकला होता. काका म्हणाले, न विरघळलेलं जे उरतं ते बघितल्याशिवाय विरघळलेल्यावर बोलायचं नसतं. आणि मग त्यांनीच स्मीटनचं नाव काढलं. ते कुठल्या तरी जुन्या सरांकडून ऐकलेलं होतं. मी लायब्ररीत गेलो तो त्यांच्या नजरेतून सुटायला, पण तिथे चार दिवस रमलो.

जॉन स्मीटन 8 जून 1724 रोजी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ ऑस्थॉर्प इथे जन्मला. वडील वकील. पोराचं लक्ष मात्र करवत, कानस आणि लेथवर. लहानपणीची एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. शेजारच्या खाणीवर वाफेचा पंप बसवत होते, तो बघून त्याने घरी त्याची छोटी प्रतिकृती केली आणि वडिलांच्या तळ्यातलं पाणी इतकं उपसलं की मासे मेले. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण स्वभाव तोच. 1742 मध्ये वडिलांनी त्याला कायदा शिकायला लंडनला पाठवलं. थोड्याच काळात त्याने वडिलांना सविस्तर अर्ज लिहून कळवलं की हे आपल्याच्याने होणार नाही. आपल्याकडे इंजिनीयरिंग सोडून दुसरं काही करायचं म्हणून घरी अर्ज लिहिणारे पुष्कळ आहेत. हा उलटा निघाला. वडिलांनी परवानगी दिली, हे त्याहून विशेष.

लंडनमध्ये तो शास्त्रीय उपकरणं बनवू लागला. होकायंत्र, हवेचे पंप असली कामं. मोजणं हा त्याचा पिंड इथे तयार झाला असं मला वाटतं, कारण पुढे आयुष्यभर त्याने कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मान्य केली नाही. 1753 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं, तेव्हा तो 30 वर्षांचाही नव्हता. पाणचक्कीवर वरून पाणी सोडावं की खालून, हा वाद त्या काळी तोंडी चालायचा. त्याने प्रतिकृती करून मोजलं आणि वरून पाणी पडणारी चक्की जवळपास दुप्पट काम देते हे दाखवलं. त्या निबंधासाठी त्याला 1759 चं कोपली पदक मिळालं. (मेकॅनिकलवाल्यांसाठी एक: वाऱ्याच्या दाबाचा एक गुणांक त्याच्या नावाने दीडशे वर्षं चालला, 0.005. तो चुकीचा होता. राइट बंधूंनी 1901 मध्ये स्वतः मोजून तो 0.0033 च्या आसपास आणला, तेव्हा कुठे त्यांच्या पंखांचं गणित जमलं. मोजणाऱ्या माणसाचाही आकडा एकदा छापला गेला की लोक तो पुन्हा मोजत नाहीत.)

पण स्मीटन म्हटलं की एडिस्टोन. प्लिमथच्या नैर्ऋत्येला सुमारे 22 किलोमीटर समुद्रात खडकांची एक रांग आहे. भरतीला ते खडक जवळजवळ पूर्ण पाण्याखाली जातात आणि त्यांच्यावर किती जहाजं फुटली त्याला गणती नाही. तिथला पहिला दीपस्तंभ हेन्री विन्स्टन्लीने बांधला, 1698 मध्ये दिवा लागला. नोव्हेंबर 1703 च्या महावादळात तो स्तंभ नाहीसा झाला. त्या रात्री विन्स्टन्ली स्वतः आत होता. दुसरा, 1709 चा, रडयार्ड नावाच्या माणसाचा. हा पेशाने रेशमाचा व्यापारी. त्याचा स्तंभ मुख्यतः लाकडी, पण तो पावणेपाच दशकं टिकला आणि डिसेंबर 1755 मध्ये जळाला. तिथला राखणदार हेन्री हॉल 94 वर्षांचा होता. आग विझवायला वर पाणी फेकताना छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या घशात गेलं असं तो सांगत होता. कोणी विश्वास ठेवला नाही. बारा दिवसांनी तो वारला आणि डॉक्टरांना त्याच्या पोटात शिशाचा गोळा मिळाला. तो गोळा आजही एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

तर एक स्तंभ पाण्याने नेला आणि एक आगीने. तिसरा कोणी बांधावा असं मालकांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलं आणि त्यांनी स्मीटनचं नाव सुचवलं. तोवर त्याने एवढं मोठं काही बांधलेलं नव्हतं. आजच्या टेंडरमध्ये तो अनुभवाच्या अटीवरच बाद झाला असता. त्याने ठरवलं, स्तंभ दगडाचा, बुंध्याशी रुंद आणि वर निमुळता, ओक वृक्षाच्या खोडासारखा. दगड एकमेकांत खाचा करून अडकवायचे, सुतार लाकडाचा सांधा करतो तसे. बाहेरून ग्रॅनाइट, आत पोर्टलँडचा दगड. आणि ही सगळी रचना ज्या मॉर्टरने धरायची ते समुद्राखाली, लाटांच्या माऱ्यात घट्ट व्हायला हवं.

इथे गाडी अडली. साधा चुना हवेत वाळतो, पाण्यात नाही. पाण्यातल्या कामाला तेव्हा चुन्यात ट्रास म्हणजे ऱ्हाइन नदीकडून हॉलंडमार्गे येणारी ज्वालामुखी दगडाची पूड मिसळायचे. चुना कुठला घ्यावा याबद्दल व्हिट्रुव्हियसपासून चालत आलेलं ब्रह्मवाक्य एकच: दगड जितका कठीण, तितका त्याचा चुना कठीण. सतराशे वर्षं सगळ्यांनी ते एकमेकांच्या पुस्तकांतून उतरवून घेतलं. (जर्नल उतरवणाऱ्यांनी हसू नये.) स्मीटनने खडूसारखा मऊ दगड आणि प्लिमथचा कठीण संगमरवर, दोन्ही भाजून चुना केला. दोन इंच व्यासाचे गोळे वळले आणि पाण्यात सोडले. दोन्ही सारखेच निघाले. दगडाच्या कठीणपणाचा काही संबंध नव्हता. व्हिकॅटची सुई सोडा, खुद्द व्हिकॅट जन्माला यायला अजून तीस वर्षं होती. पाण्यातला गोळा बोटाने दाबून बघणे हीच टेस्ट.

मग वेल्समधल्या अ‍ॅबरथॉ गावचा चुना त्याच्या हाती आला. त्याचे गोळे पाण्यात बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले घट्ट झाले. का? प्लिमथमध्ये तो विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्रेत्याकडे राहत होता. हा कुकवर्दी क्वेकर पंथाचा, रसायनात मुरलेला. पुढे इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांची माती शोधून काढली ती यानेच. त्याने स्मीटनला दगड तपासायची रीत शिकवली. दगडाची पूड घ्यायची, नायट्रिक आम्लात टाकायची, फसफस थांबेपर्यंत टाकत राहायची. शुद्ध चुनखडी जवळजवळ सगळी विरघळून जाते. अ‍ॅबरथॉचा दगड विरघळला, पण मागे गाळ राहिला. इतर कोणी तो ओतून दिला असता. यांनी तो गाळून घेतला, वाळवला, हातात घेऊन बघितला. ती चिकणमाती होती. तिची गोळी करून भाजली, तर विटेसारखी टणक झाली. मग इतर ठिकाणचे दगड असेच आम्लात टाकले. ज्यातून मातीचा गाळ निघतो त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं.

आज आपण याला नावं देऊ शकतो. मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भट्टीत चुन्याशी संयोग पावतात, कॅल्शियम सिलिकेट तयार होतं, ते पाण्याबरोबर क्रिया करतं. व्हायवाला आपण हे घडाघडा म्हणतो. स्मीटनला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्याकडे होतं एक भांडं, आम्ल आणि उरलेला गाळ. पण सतराशे वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी चुन्याचा गुण दगडाच्या आत काय आहे त्यावरून सांगितला. माझ्या मते स्तंभापेक्षा हे काम मोठं आहे.

ट्रासच्या जागी त्याने इटलीतल्या चिविताव्हेक्कियाहून आलेली पोझोलाना घेतली. तीही ज्वालामुखीची राख. एका व्यापाऱ्याने ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलासाठी खपेल म्हणून मागवली होती. तिथे कोणी घेतली नाही, माल पडून होता, तो स्मीटनला सहज मिळाला. अ‍ॅबरथॉचा चुना आणि पोझोलाना, समसमान. आता साइटवर पडलेल्या पीपीसीच्या पोत्यावर काय छापलेलं असतं ते आठवा: पोर्टलँड आणि पोझोलाना. एक त्या स्तंभाच्या पोटातला दगड, दुसरी त्याच्या सांध्यातली राख.

बांधकाम 1756 च्या उन्हाळ्यात सुरू झालं. त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं. पहिला हंगाम नुसता खडकात पायऱ्या कोरण्यात गेला. पहिला दगड बसला 12 जून 1757 ला. भरती-ओहोटी सांभाळून दिवसाचे मोजके तास काम. कामगारांत कॉर्नवॉलचे खाणकामगार होते. त्या वेळी युद्ध चालू होतं आणि नौदलाचे लोक बंदरावरून धडधाकट माणसं जबरदस्तीने उचलून नेत, म्हणून प्रत्येक कामगाराला एक बिल्ला दिला होता, हा एडिस्टोनचा माणूस आहे, याला हात लावू नये. दगडाचा प्रत्येक थर आधी किनाऱ्यावर जुळवून बघायचा आणि मगच होडीतून न्यायचा. मॉर्टर खडकावर बादलीत थोडं थोडं कुटून तयार करायचं. ताज्या सांध्यांवर बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप द्यायचा, म्हणजे लाट आतलं मॉर्टर धुऊन नेणार नाही. 16 ऑक्टोबर 1759 ला वर 24 मेणबत्त्या लागल्या. उंची सुमारे 22 मीटर.

त्यानंतर कामांना तोटा नव्हता. कोल्डस्ट्रीम आणि पर्थचे पूल, फोर्थ आणि क्लाइड कालवा, रॅम्सगेटचं बंदर, वाफेची इंजिनं. लष्कराच्या इंजिनीयरांपेक्षा आपण वेगळे आहोत म्हणून स्वतःला सिव्हिल इंजिनीयर म्हणवून घेणारा तो पहिला. 1771 मध्ये लंडनला या लोकांची पहिली संस्था निघाली तीही त्याच्या पुढाकाराने. एडिस्टोनवरचा त्याचा देखरेख करणारा साथीदार जोसायस जेसप 1761 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मुलाला स्मीटनने हाताखाली घेऊन शिकवलं. तोच पुढचा मोठा कालवेवाला विल्यम जेसप.

चरित्रं बहुतेक इथून थेट मृत्यूवर उडी मारतात. मी हेक्सममध्ये थांबणार आहे. टाइन नदीवर हेक्सम गावी त्याने नऊ कमानींचा पूल बांधला, 1780 मध्ये तो पुरा झाला. मार्च 1782 मध्ये पूर आला आणि पूल वाहून गेला. नदीचा तळ रेतीगोट्यांचा होता, पाण्याच्या जोराने पायाखालचा तळच उकरला गेला. भर समुद्रात वादळं पचवणारा स्तंभ बांधणाऱ्या माणसाचा नदीवरचा पूल दोन वर्षांत पडला. त्याने तोंड लपवलं नाही. पत्रांतून कारणं शोधली, आपला अंदाज चुकला हे कबूल केलं. पण ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. 57 वर्षांचा होता तो.

आणि एक गोष्ट मला खटकते. आम्ल आणि गाळाचा तो शोध 1756 चा, पण त्याने तो छापला 1791 मध्ये, एडिस्टोनवरच्या मोठ्या ग्रंथात. पस्तीस वर्षं! कामाच्या रगाड्यात वेळ मिळाला नाही, असं दिसतं. त्या पस्तीस वर्षांत किती गवंड्यांनी कठीण दगड शोधत फिरण्यात दिवस घालवले असतील. ग्रंथ आल्यावर मात्र गोष्टी भराभर झाल्या. 1796 मध्ये पार्करचं रोमन सिमेंट, 1824 मध्ये अ‍ॅस्पडिनचं पोर्टलँड. हा अ‍ॅस्पडिनही लीड्सचाच गवंडी. सप्टेंबर 1792 मध्ये ऑस्थॉर्पच्या बागेत फिरताना स्मीटनला अर्धांगाचा झटका आला आणि 28 ऑक्टोबरला तो गेला. शेजारच्या व्हिटकर्कच्या चर्चमध्ये त्याला पुरलं.

त्याचा स्तंभ सव्वाशे वर्षं उभा होता. मग लक्षात आलं की स्तंभ ठीक आहे, पण त्याच्याखालचा खडकच समुद्राने पोखरलाय आणि मोठ्या लाटेला सगळंच हलतं. 1882 मध्ये शेजारच्या खडकावर नवा स्तंभ झाला. स्मीटनच्या स्तंभाचा वरचा भाग एकेक दगड उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारला, तो आज तिथे बघता येतो. बुंधा मात्र तिथेच समुद्रात सोडून दिला आणि तो अजून उभा आहे.

हे वाचून मी पुन्हा लॅबमध्ये गेलो. मामाकडून पाच-सहा ठिकाणचे मिळून दहा-बारा किलो तुकडे मागवले, कारण मुठीएवढ्या तुकड्यात एखादा मोठा दगड आला की सिमेंट कमी दिसणारच, हे आता माझ्या डोक्यात शिरलं होतं. या वेळी चुना मोजला. 11.5 टक्के कॅल्शियम ऑक्साइड. हिशेब केला तर घनमीटरला 430 किलो! मामाचा ठेकेदार इतका दानशूर नक्की नव्हता. काकांनी काही न बोलता त्याच खाणीच्या खडीचा एक तुकडा माझ्यासमोर आम्लात टाकला. तो फसफसला. आपला काळा दगड ज्वालामुखीचा, त्यातल्या जुन्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे ठिपके असतात. काही ठिकाणी ते कॅल्साइट, काही ठिकाणी झिओलाइट. कॅल्साइट आम्लात चुना सोडतं, झिओलाइट सिलिका सोडतं. म्हणजे माझे दोन्ही रस्ते थोडेथोडे खोटे. नुसती खडी-वाळू वेगळी आम्लात घालून तिचा वाटा वजा केला, तेव्हा चुन्यावरून 296 आणि सिलिकेवरून 270 आले. एकाच स्लॅबबद्दल मी आतापर्यंत चार आकडे काढले होते, आणि मामाला त्यातला पहिला कळवला होता.

या वेळचा फिल्टर पेपर मी टाकला नाही. गाळ वाळवून काकांना दाखवला. काळा चुरा, वाळू, बोटाला खरखरीत.

मामाला फोन करायला मला दोन दिवस लागले. सिमेंट खाल्लेलं नाही, निदान चार लोकांत म्हणावं एवढं तरी नाही, असं सांगितलं. मामा बराच वेळ गप्प. मग विचारलं, तर गळतोय का? मी पाणी किती दिवस मारलं ते विचारलं. टँकरचं पाणी होतं, दोनच दिवस मारलं, आणि काँक्रीट सरकत नाही म्हणून माल पातळ करायला त्यानेच सांगितलं होतं. दिवाळीत मामाने ठेकेदाराचा हप्ता दिला. ठेकेदाराने तो मोजून घेतला आणि चहाला थांबला नाही. मी ओसरीवरच बसलो होतो.